प्रतिसाद: कावीपुढे थांबावंच लागतं
भिंतीवरची चित्रं आता सेल्फीपुरतीच उरलीत, असं वर कुणीतरी म्हटलंय. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीपुरतं मान्य. पण गोव्यातल्याच मोरजी गावच्या मोरजाई देवळातली कावी, म्हणजे काव वापरून केलेली भिंतीवरची नक्षी, पाहिलीत का? काव म्हणजे आपली तांबडी माती. चुन्याच्या गिलाव्यावर तिचा थर द्यायचा आणि ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंगवण्यापेक्षा हे कोरणंच जास्त. हात चुकला तर पुसायची सोय नाही. रंग दोनच, त्यामुळे डोळा भिरभिरत नाही. वेलबुट्टीची एखादी फांदी धरून सावकाश पुढं सरकतो.

मी पाहत होतो तेव्हा एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. पाचेक मिनिटं दोघंही गप्प. मग म्हणाले, "आमच्या पोरन्या देवळांतय अशेंच आशिल्लें. जीर्णोद्धारांत गेलें." (आमच्या जुन्या देवळातही असंच होतं, जीर्णोद्धारात गेलं.) मग अर्धा तास बोललो, ओळख ना पाळख!

पणजीतल्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांपुढेही लोक असे रेंगाळतात, पण तिथं रहदारी फार. बाकी, जुन्या भिंतींवर ऑइलपेंट फासणाऱ्या देवस्थान समित्यांना कुणी सांगायचं?