वाय-फाय ८ : शेजारच्या राउटरशी जुळवून घेणं आपल्या सोसायट्यांत चालेल का?

अनुनाद
वाय-फायचं पुढचं मानक, ८०२.११बीएन म्हणजेच वाय-फाय ८, सध्या तयार होतंय; २०२८ च्या आसपास ते पूर्ण होणं अपेक्षित आहे. या वेळी कमाल वेग वाढवलेलाच नाही. अवघड परिस्थितीतला वेग, होणारा उशीर आणि हरवणारी पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे), या तिन्हींत किमान २५ टक्के सुधारणा, एवढंच उद्दिष्ट. मला हे अगदी योग्य वाटतं.

वाय-फायमध्ये आधी ऐकायचं, मग बोलायचं. ५ गिगाहर्ट्झवर हवा मोकळी झाली की ३४ मायक्रोसेकंद थांबा, मग नऊ-नऊ मायक्रोसेकंदांचे काही टप्पे मोजा, मग सुरुवातीची खूण पाठवा, मग डेटा, मग १६ मायक्रोसेकंदांनी समोरून पॅकेट मिळाल्याची पोच. १ गिगाबिट वेगाने १५०० बाइटचं पॅकेट हवेत असतं फक्त १२ मायक्रोसेकंद, आणि त्याभोवतीचा सोपस्कार शंभराच्या वर! म्हणून २००९ च्या ८०२.११एनपासून पॅकेट्सचे गठ्ठे बांधायला लागले : ६४ पॅकेट्सना मिळून एकच पोच. वाय-फाय ६ मध्ये २५६, वाय-फाय ७ मध्ये १०२४.

पण यातून आपल्या घरातलंच भागलं. शेजारच्या राउटरचा सिग्नल उणे ८२ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) इतका क्षीण आला तरी आपला राउटर सहसा गप्प बसतो. वाय-फाय ८ मध्ये ज्याची पाळी लागली तो राउटर आपल्या वेळातला काही वेळ शेजाऱ्याला देऊ शकेल, किंवा शेजाऱ्याने पॉवर कमी केली तर दोघं एकाच वेळी पाठवू शकतील. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना याच्याइतकी गरज दुसऱ्या कशाची नाही.

तारवाले_नाना
अनुनादराव, हिशोब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. आमच्या मजल्यावर चार घरं, चार कंपन्यांचं फायबर, चार राउटर. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने चपलांच्या रॅकवर ठेवला, तो तिथेच. हे जुळवून घेणं दोन्ही राउटरांनी आधी आपसात ठरवावं लागतं. एका कंपनीचा राउटर दुसरीच्या गिऱ्हाइकाला वेळ का देईल?

मोबाइलमध्ये हे झालंय. एलटीईच्या, म्हणजे ४जी मानकाच्या, रिलीज ११ या आवृत्तीत टॉवरांनी मिळून पाठवण्याची सोय आली. तिथे तर टॉवर एकाच कंपनीचे, स्पेक्ट्रम (लहरींचा पट्टा) तिच्याच हक्काचा. तरी त्यांना जोडणारं फायबर इतकं चोख लागायचं की वापर मर्यादितच राहिला. चपलांच्या रॅकवर काय होणार?

मेधा_ठाणे
गठ्ठ्यांचं एवढं कौतुक मला मान्य नाही. मी दिवसभर घरून कॉलवर असते. आवाजाचं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक, तेही शे-दोनशे बाइटचं. एका दमात हवा अडवायची मर्यादा जवळपास साडेपाच मिलिसेकंद. तीन शेजाऱ्यांनी पाठोपाठ असे गठ्ठे सोडले की सोळा मिलिसेकंद गेलेच, आणि समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू जातो. त्यात बेडरूममधला लांबचा फोन : दहापट मंद वेगाने तेवढाच डेटा, म्हणजे दहापट वेळ हवा अडलेली. लिनक्स या संगणकप्रणालीच्या वाय-फायमध्ये २०१७ च्या सुमारास प्रत्येक उपकरणाला पॅकेटांऐवजी हवेतला वेळ सारखा वाटून द्यायची सोय आली. घरातला गोंधळ त्याने बराच आवरतो, आणि त्यासाठी २०२८ ची वाट बघावी लागत नाही.

अनुनाद
मेधाताई, लहान पॅकेट्ससाठी वाय-फाय ६ ने वेगळी सोय केलीच आहे. २० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल, म्हणजे लहरींचा पट्टा, नऊ भागांत वाटून राउटर खूण करतो आणि नऊ उपकरणं एकदम पाठवतात. पण ही वाटणी एका राउटरपुरती. तुमचे ते सोळा मिलिसेकंद शेजाऱ्यांचे आहेत, ते कमी करायला शेजाऱ्यांशीच बोलावं लागेल. आणि नाना, नव्या उंच सोसायट्यांत अख्ख्या इमारतीला एकच कंपनी असेल तर तिचे राउटर तरी आपसात का ठरवणार नाहीत?

सह्यवारा
मी रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळतो. तिथे मला हे हवंच आहे. मॉनिटर लावलेली ट्रॉली एका वॉर्डातून दुसऱ्यात जाते तेव्हा राउटर बदलताना पॅकेट्स हरवतात, आणि नेमकं तेच नव्या मानकात सुधारायचं आहे. सगळे राउटर आमच्याच हातात, त्यामुळे ठरवाठरवीचा प्रश्न नाही.

फ्लॅटबद्दल मी नानांच्या बाजूने. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६, ११. अमेरिकेने २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचे १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. आपल्याकडे २०२५ च्या सरकारी मसुद्यात ५९२५ ते ६४२५, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ. त्यात १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे तीन चॅनल बसतात आणि ३२० चा एकच. प्रत्येक घराने ३२० लावला तर सगळे परत एकाच जागी. मी शेजारपाजारच्यांना ५ गिगाहर्ट्झवर ४० चा चॅनल लावायला आणि टीव्हीला तार ओढायला सांगतो. टीव्ही हवेतून उतरला की फोनला जागा होते.

अनुनाद
तार ओढाच, त्यावर वाद नाही. पण भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल लावू देत नाहीत, त्यांनी काय करायचं? मानक अजून लिहिलं जातंय. परक्या राउटरशी जुळवून घेणं कारखान्यातूनच चालू असावं, ही मागणी आत्ताच व्हायला हवी.

तारवाले_नाना
चालू ठेवलंत, तर माझ्या राउटरने कुणाचं ऐकायचं? खालच्या मजल्यावरून कुणी खोटाच निरोप पाठवला, "पॉवर कमी कर, आता माझी पाळी", तर माझं नेट त्याच्या हातात गेलं. आपल्याच राउटरांत पासवर्ड तरी असतो. अनोळखी राउटरचा निरोप खरा की बनावट हे कशावरून ठरवायचं, तेवढं आधी सांगा.