ल्युब्लियानातील तुरुंगाचे हॉस्टेल: राहावे का?

प्रश्न: स्लोव्हेनियात मोजक्या पैशांत फिरायचे आहे. ल्युब्लियानातील ‘त्सेलित्सा’ हॉस्टेल फार देखणे आहे, असे ऐकले. पण त्या देखणेपणापायी झोपेचे खोबरे तर होणार नाही ना?

प्रतिसाद १: अवश्य राहावे. युगोस्लाव्ह सैन्याच्या या तुरुंगाचे २००३ मध्ये हॉस्टेल झाले आणि कोठड्यांना निरनिराळ्या कलाकारांनी नवे रूप दिले. तरीही दारे-खिडक्यांचे लोखंडी गज तसेच ठेवल्यामुळे वास्तूचा इतिहास झाकला गेलेला नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

प्रतिसाद २: सहमत आहे, मात्र शेजारच्या मेटेलकोव्हा परिसरात रात्री उशिरापर्यंत संगीत चालत असल्याने झोप सावध असणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावेत. कोठडी परवडत नसल्यास सामायिक खोलीतील खाट घ्यावी. रेल्वे स्थानक जवळच असल्याने टॅक्सीचे पैसेही वाचतात.