वडिलांचं जुनं कंबरेचं दुखणं, कायरोप्रॅक्टरकडे न्यावं का?

रावेर_केळीबाग
राम राम मंडळी. वडील ६१ चे आहेत, रावेर तालुक्यात आमची केळी आहे. कंबर जुनी दुखतेय त्यांची, आता डाव्या मांडीपर्यंत कळ उतरते, सकाळी खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळतात, हाताने जोर लावतात मग कुठे उभे राहतात. आयुष्यभर घड वाहिले, पाठीवर पंप घेऊन फवारण्या केल्या, त्याचंच असेल असं आम्ही धरून चाललोय. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात, डिस्क बल्ज (मधली गादी बाहेर फुगलेली) आला, डॉक्टर म्हणे मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, बेल्ट लावा. तेव्हापासून वडील बागेत जायचेच बंद झालेत, ओट्यावर बसून राहतात आणि दुखणं उलट वाढलंय. उसण भरली म्हणून गावातल्या पायाळू माणसाचा पाय पण लावून झाला. आता मोबाईलवर ते कटकन कंबर मोडणारे व्हिडिओ बघून मागे लागलेत की मला पुण्याला कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटका देऊन मणक्यावर उपचार करणाऱ्याकडे ने. ते लोक म्हणतात आम्ही मूळ कारणावर, पूर्ण शरीरावर उपचार करतो. फरक पडतो का खरंच, आणि या वयात धोका किती?

फिजिओ_धुळे
दादा, आधी त्या एमआरआयची भीती काढा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासून २०१५ ला एक मोठा आढावा आला होता, त्यात साठीच्या लोकांत ६९ टक्के जणांना डिस्क बल्ज निघाला, विशीतल्या पोरांत पण ३० टक्के. म्हणजे रिपोर्टवर बल्ज लिहिलंय म्हणून दुखणं तिथलंच असं नसतं. नस खरंच दबली असेल तर कळ बहुतेक वेळा गुडघ्याखाली जाते, मुंग्या येतात, पायाची ताकद कमी होते, ते एकदा समोर बसवून तपासून घ्या.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला जुनाट म्हणतात आणि तिथे गणित बदलतं. मूळ इजा भरून आलेली असते पण नसा आणि मेंदू सावधच राहतात, जसा मोटारीचा स्टार्टर एकदा नाजूक झाला की व्होल्टेज जरा हललं तरी ट्रिप मारतो. त्यात झोप नाही, कर्जाची नाहीतर केळीच्या भावाची काळजी, आणि वाकलो तर मणका सरकेल ही भीती, हे सगळं दुखण्यात भर घालतं. काकांना दुखतंय ते खरंच दुखतंय, मनाचे खेळ नाहीत. पण ओट्यावर बसवून ठेवल्याने स्नायू अजून कमजोर होतात.

कायरोप्रॅक्टिक १८९५ ला अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केलं. मणका जागेवरून हलतो आणि बहुतेक आजार तिथून सुरू होतात ही त्यांची कल्पना, तिला पुरावा मिळालेला नाही. तो कट आवाज पण हाड बसल्याचा नसतो, सांध्याच्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. तरीसुद्धा हाताने मणका हलवण्याच्या उपचाराने काहींना आराम पडतो हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ ला जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं त्यात व्यायाम, नीट समजावून सांगणं, मानसिक आधार यांच्या जोडीला हा उपचार पण आहे. आणि कंबरेचा बेल्ट, ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) नेहमीसाठी वापरू नका असं त्यातच म्हटलंय.

कापूसवाली_शिरपूर
मी गेलेली आहे भाऊ अशा ठिकाणी, नाव नाही घेत. वेचणीत दिवसभर ओटी पोटाला बांधून वाकायचं, कंबरेचा काटा ढिला होतो. तिथून बाहेर पडले तेव्हा अंग इतकं हलकं वाटलं की बस, पण चार दिवसांनी परत तेच. आणि ते लगेच मोठं पॅकेज घ्या म्हणत होते, आधीच पैसे भरा. मी नाही भरले. खरा फरक पडला तो रोज सकाळी बांधावरून चालण्याने, फिजिओताईने शिकवलेल्या व्यायामाने आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करायची सवय लावली त्याने. आजही दुखतं कधीकधी, पण वेचणी सुटली नाही माझी. काकांना बागेत जाऊ द्या हो, घड नका उचलू देऊ, पण ठिबकच्या नळ्या बघायला तरी फिरू द्या. शेतकरी माणूस घरात बसला की मनानेच खचतो.

सातपुडा_आरोग्यसेवक
नंदुरबारकडून लिहितोय. कंबर मोडून घ्यायच्या आधी काही गोष्टी बघाच. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून सापडतो. लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा, पाय लुळा पडणं असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आमच्या पाड्यांवर तर हाडं दुखतात म्हणून लोक वर्षानुवर्षं चोळून घेतात आणि शेवटी सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार निघतो, हे थोडं विषय सोडून झालं पण कोणी वाचत असेल तर रक्त तपासून घ्या.

रावेर_केळीबाग
ताप वगैरे काही नाही, वजन पण तेवढंच. संडास लघवी व्यवस्थित. पण वडिलांनी दम्यासाठी बरीच वर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्यात, त्याने काही फरक पडतो का?

फिजिओ_धुळे
पडतो, बरं झालं सांगितलं. त्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात आणि ठिसूळ हाडावर झटका दिला तर मणका मोडू शकतो. आधी हाडांची घनता तपासणारी डेक्सा टेस्ट करा, ती होईपर्यंत कोणालाच, अगदी आमच्यातल्या कोणाला पण, झटका देऊ देऊ नका. मानेला तर हात लावू द्यायचाच नाही, तिथल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतात पण होतात. टेस्ट चांगली आली आणि तरी जायचंच असेल तर शिक्षण कुठे झालं ते विचारा, कारण आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची सरकारी कौन्सिल नाही, आणि आधी हिस्ट्री न विचारता थेट टेबलवर झोपवलं तर उठून या. तोपर्यंत काकांना सकाळ-संध्याकाळ थोडं चालवा, बेल्ट हळूहळू सोडवा आणि रिपोर्ट आला की इथे टाका, बघून सांगते.