उचगावात दोन गुंठे काळी माती: आंबा, फणस, काजू, बदाम सगळं बसेल का?

उचगावची_ताई
नमस्कार मंडळी. घरामागं दोन गुंठे मोकळी जागा आहे, ३३ बाय ६६ फूट. माती काळी, चिकण; पावसात चप्पल रुतते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बोअरला पाणी बरं आहे. यादी अशी: हापूस दोन, नारळ दोन, फणस, चिकू, पेरू, लिंबू आणि मुलांच्या हट्टापायी काजू नि बदाम. सासूबाई म्हणतात, आंबा-फणसाशिवाय परडं कसलं! खड्डे आत्ताच काढून घेऊ का?

राधानगरी_रोड
नारळ न्हाणीच्या पाण्यावर लावा, एकच पुरे. विजेच्या तारा आणि येण्याजाण्याची वाट सोडून.

शिरोळचा_कलमवाला
ताई, आधी जागेचं बघू. आंब्याला नेहमीच्या लागणीत दहा बाय दहा मीटर जागा धरतात, म्हणजे पुरता एक गुंठा. दोन हापूसच तुमचं सगळं परडं घेतील. शिवाय हापूसला कोकणची जांभी जमीन आणि तिथली हवा मानवते. तो एक वर्षाआड धरतो आणि फळात साका, म्हणजे गरात पांढुरका खराब भाग, निघतो ते वेगळंच. त्यापेक्षा केशर लावा, दरवर्षी आंबे उतरले की छाटून आटोपशीर ठेवा. किंवा रत्ना, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं १९८१ साली दिलेली, नीलम आणि हापूसच्या संकराची. अगदीच लहान झाड हवं तर आम्रपाली. ती अडीच मीटरवरसुद्धा लावतात.

पण जातीच्या आधी पाण्याचा निचरा. माझं आयुष्य कलमं बांधण्यात गेलं, आणि चांगली तजेलदार कलमं आषाढात बुडून गेलेली बघितली की पोटात तुटतं. चिकण मातीत खोल खड्डा काढून त्यात भुसभुशीत माती भरली की त्याचा हौद होतो. चारी बाजूंचं पाणी तिथं येतं आणि बाहेर निघत नाही. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. मग माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी पाणी घालतो.

दोन फूट खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरलं की परत भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल तर खड्ड्यात झाड लावूच नका. जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद मातीचा ओटा करा, कडेनं चर काढून उताराकडं सोडा आणि कलम ओट्यावर लावा. लिंबाला तर हे हवंच, नाहीतर बुंध्यातून डिंक गळायचा रोग, डिंक्या, धरतो. पेरू भारी जमीन सोसतो. सरदार जात घ्या.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. उसाच्या मुलखात हुमणी काय करते ते सांगायला नको. कच्च्या खतातून तीच अळी येते आणि कलमाची कोवळी मुळं खाते. वरून उसाचं पाचट पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब.

कलम घेताना उंचीला भुलू नका, जोड बघा. तो सगळीकडून भरून आलेला हवा. बांधलेली पट्टी वेळेवर सोडा, नाहीतर खोड काचतं. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, बांधलेलं असतं. जोडाखालून फूट आली की लगेच काढा, नाहीतर खिरणी जोर धरते आणि चिकू मागं पडतो. आंब्यात ही फूट ओळखणं अवघड, कारण खुंटही आंब्याचाच. म्हणून जोड मातीच्या वर, नजरेत ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं मोहर खुडायचा. जिवावर येतं, पण झाडाचा सांगाडा तेव्हाच तयार होतो.

उचगावची_ताई
दादा, खूप आभार. मग काजू-बदाम सोडायचे का? मुलं नाराज होतील.

आजऱ्याची_सून
ताई, काजू आमच्याकडं आजरा-चंदगडला तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत येतो. तुमच्या चिकण मातीत त्याचे हाल होतील. आणि घरात लहान मुलं आहेत म्हणून कळकळीनं सांगते: ओल्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, अंगावर फोड येतात. आम्ही हाताला राख किंवा खोबरेल लावूनच बी फोडतो. बोंडू खायची हौस असेल तर मुलांना हंगामात इकडं घेऊन या.

बदाम दुकानात मिळतो त्याला कडक थंडी लागते, तो काश्मीरचा. आपल्याकडचा देशी बदाम मोठ्ठा होतो. त्याचा गर खाता येतो, पण दोन गुंठ्यांत तो बाकी सगळ्यांचं ऊन खाईल. मुलांना सीताफळ द्या. लवकर फळतं आणि पोरांच्या हाताला येतं. तेही ओट्यावरच.

शिरोळचा_कलमवाला
वहिनी बरोबर सांगतात. सासूबाईंचा फणस ठेवा, एकच, कलमी. त्यालाही मुळाशी उभं पाणी चालत नाही. फणस, आंबा, नारळ उत्तरेच्या कडेला आणि पेरू, लिंबू, सीताफळ दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यात लहान झाडांवर सावली पडणार नाही. चिकू मध्ये बसेल. खड्डे नकोत, ओटे मात्र उन्हाळ्यातच भरा. पहिल्या पावसात माती खाली बसते, तेवढी वर परत घाला. बोअर आहे म्हटल्यावर लागणीची घाई नको. जुलैचा जोर ओसरू दे, गणपतीच्या सुमारास लावा.