मदत हवी आहे : सासूबाई शेजारी बसलेल्या असताना खरी माहिती कशी विचारायची?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यात नर्स आहे. गरोदर बायकांची पहिली नोंदणी माझ्याकडे असते. "आधी कधी गर्भपात झालाय? गोळ्या घेतल्या होत्या?" असं विचारलं की मुलगी आधी सासूबाईंकडे बघते, मग ओढणीचं टोक पिळत "नाही" म्हणते.

हे "नाही" फार महागात पडू शकतं. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि आधीच्या गर्भपातानंतर अँटी-डी इंजेक्शन घेतलेलं नसेल, तर तिच्या शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी पुढच्या आरएच पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतात. लग्नाआधीचं तर कुणीच सांगत नाही. गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरला असंतसं उघड करता येत नाही, हे २०२१च्या दुरुस्तीने कायद्यातच आलंय. पण तिला ते पटवायचं कसं?

वजन करायच्या निमित्ताने एकटीला आत घेते, तेवढाच वेळ मिळतो. शिवाय कार्डावर लिहिलेलं घरी सगळे वाचतात, मग नोंद कुठे करायची?

ज्यांनी हे काम केलंय, किंवा ज्या स्वतः पेशंट म्हणून त्या खुर्चीत बसल्यात, त्यांनी कृपया सांगा : कसं विचारलं असतं तर तुम्ही मोकळेपणी बोलला असता? कोकणीतलं वाक्य सुचवलंत तरी चालेल.