मगर दिसत नाही म्हणून सिनेमा वाईट?

विहारकाठचा

काल इथे एकाने ‘ब्लॅक वॉटर’ पाहून लिहिलं, “तीन माणसं झाडावर बसून राहतात, मगर मोजून पाच मिनिटं दिसते. पैसे नव्हते तर मगरीचा सिनेमा काढलाच कशाला? शुद्ध फसवणूक.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सिनेमा २००७ चा, ऑस्ट्रेलियातला. अँड्र्यू ट्राउकी आणि डेव्हिड नेर्लिक या दोघांनी अगदी कमी पैशांत केलेला. खारफुटीत होडी उलटते आणि वाचलेली माणसं झाडावर अडकतात. खाली गढूळ पाणी. यातली मगर रबराची नाही आणि कॉम्प्युटरवर बनवलेलीही नाही. खऱ्या मगरींचं चित्रण वेगळं करून कलाकारांच्या चित्रणात बसवलंय. मूळ घटनाही घडलेली आहे : २००३ च्या डिसेंबरात तिकडच्या फिनिस नदीवर तिघं मित्र गेले, एकाला मगरीने नेलं, उरलेले दोघं जवळजवळ बावीस तास झाडावर बसून होते. त्या बावीस तासांत त्यांना मगर किती वेळ दिसली असेल?

माझे वडील पाणी खात्यात होते, त्यामुळे लहानपणी मुंबईतल्या विहार तलावाच्या काठाशी जायला मिळायचं. एकदा पाण्यावर लाकडाचा ओंडका दिसला. पुढे दोन बारीक उंचवटे, मागे दोन. वडील म्हणाले, “ते नाक, ते डोळे.” मी चप्पल नीट करायला खाली वाकलो. वर पाहिलं तर काही नव्हतं. पाण्यावर साधा तरंगसुद्धा उठला नाही. मगर दिसत होती तोवर मला मजा वाटत होती. ती दिसेनाशी झाली तेव्हा मी वडिलांचा हात धरला. हा सिनेमा त्या क्षणाचा आहे.

अंधेरी_पडदा

ती पोस्ट माझी. तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण मी तलावावर गेलो नव्हतो, सिनेमा बघायला बसलो होतो. रविवारी दोन्ही मुलांना घेऊन, जेवणं लवकर उरकून. धाकटा सारखा विचारत होता, “बाबा, मगर कधी येणार?”

त्याच साली, त्याच देशात ग्रेग मॅक्लीनने ‘रोग’ काढला. पर्यटकांची बोट फुटते, भरतीचं पाणी चढत जातं, आणि शेवटी मगर समोर येते, पुरती, नाकापासून शेपटीपर्यंत. त्याला कित्येक पटींनी जास्त खर्च आला, मान्य. पण पैसे वसूल होतात. ‘जॉज’चं उदाहरण कुणी देणार असेल तर आधीच सांगतो : १९७५ च्या त्या सिनेमात यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात बिघडायचा म्हणून तो कमी दाखवला, हे मलाही माहीत आहे. पण शेवटी दाखवलाच ना? नसण्याला कला म्हणायची आपल्याकडे सवय लागलीय, तिचा मला राग आहे.

सेटिंगवाला_गोरेगाव

अंधेरीवाले साहेब, मी मगर बनवलीय, म्हणून बोलतो. वीस वर्षं आर्टमध्ये आहे. एका लहान सिनेमासाठी दहा फुटी मगर करायची होती. आधी मातीचं मॉडेल, त्यावर पीओपीचा साचा, मग फायबर. खवले एकेक हाताने कोरले, आठवडा गेला. रंग उन्हात सुंदर दिसत होता. तळ्यात सोडली आणि ती होडीसारखी तरंगायला लागली, पोट वर काढून. आत पोकळ असते ना. मग पोटात वाळूच्या पिशव्या भरल्या, तर शेपटीकडून बुडाली. चार माणसं गळाभर पाण्यात उभी राहून दोरीने ओढत होती. ओल्या फायबरवर लाइट पडला की ते प्लास्टिकच्या बादलीसारखं चमकतं, त्यावर इलाज नाही. त्या दिवशी डायरेक्टरने ऐकलं असतं आणि नुसतं पाणी हललेलं दाखवलं असतं, तर सिनेमा वाचला असता. त्याला मगर दाखवायचीच होती.

आणि ते पैसे मला अजून मिळालेले नाहीत. साच्याचा खर्च मी घातला, निर्मात्याने फोन उचलणं बंद केलं. कमी बजेट म्हणतात तेव्हा ते कमी कुणाच्या खिशातून झालं, हेही कधीतरी बोला.

माहीमची_वाचक

हिंदीवाल्यांनी १९८८ या एकाच वर्षात दोनदा मगर आणली, ‘खून भरी मांग’ आणि ‘गंगा जमुना सरस्वती’. बारा वर्षांची होते, दोन्ही थिएटरात पाहिले. रेखाला पाण्यात ढकलतात तो प्रसंग आजही आठवतो, पण आठवतो तो रेखाचा चेहरा. मगर कशी दिसत होती ते विचाराल तर सांगता येणार नाही. मी विहारकाठच्या बाजूने.

पवई_सकाळ

तुमचा वाद चालू द्या, पण ‘खुनी मगर’, ‘नरभक्षक मगर’ हे शब्द असल्या सिनेमांबद्दल बोलताना लोक इतक्या सहज कसे वापरतात? सिनेमातली मगर खाऱ्या पाण्यातली. ती आपल्याकडे भितरकनिका, सुंदरबन, अंदमानला आहे. मुंबईतल्या पवई, विहार, तुळशीतल्या मगरी गोड्या पाण्यातल्या, वेगळ्या जातीच्या, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण असलेल्या. मी रोज सकाळी पवईच्या काठाने चालते. थंडीत त्या जबडा उघडून उन्हाला पडलेल्या असतात. लोक म्हणतात हल्ला करायच्या तयारीत आहे. अहो, ती अंगाचं तापमान सांभाळते. याच काठावर सायकल ट्रॅक घालायला निघाले होते, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं म्हणून काठ वाचला. २०२३ मध्ये दादरच्या पालिकेच्या तरणतलावात दोन फुटी पिल्लू सापडलं, तेव्हा शहरभर बोंब. त्या पिल्लाला किती भीती वाटली असेल, ते कुणी विचारलं नाही. घर त्यांचं, घुसखोर आपण. असे सिनेमे बघूनच लोक दगड मारतात.

कृष्णाकाठ

ताई, राग मानू नका, पण मला राहवत नाही. मी काळाचौकीला राहतो, गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठच्या भिलवडीकडे. आमच्याकडे तिला सुसर म्हणतात. तीही तुमच्या पवईवालीच जात, गोड्या पाण्यातली. माझ्या काकांनी पाणी उपसायच्या मोटारीच्या फुटवॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या तोंडाच्या झडपेत, अडकलेलं केंदाळ काढायला नदीत पाय घातला, गुडघाभर पाण्यात. बारा वर्षं तेच काम, तीच जागा. सुसरीने पोटरी धरली आणि गिरकी घेतली. तिला चावून खाता येत नाही, म्हणून ती धरून स्वतःभोवती फिरते आणि लचका तोडते. काकांनी मोटारीचा पाइप दोन्ही हातांनी धरला म्हणून राहिले. पायाला आता पोटरी नाही, नुसतं हाड आणि कातडं. मदतीच्या रकमेसाठी कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी काकाच म्हणाले, सोड.

आणि तुम्ही म्हणता घर त्यांचं. मग पाणी भरणाऱ्याने, धुणं धुणाऱ्या बाईने, म्हशी घेऊन जाणाऱ्या पोराने कुठे जायचं? सुसरबाई तुझी पाठ मऊ, हे काठावरच्या ट्रॅकसूटमध्ये म्हणायला सोपं आहे.

पवई_सकाळ

ट्रॅकसूटवर यायची गरज नव्हती. मी बावीस वर्षं या तलावासाठी अर्ज, विनंत्या, सह्यांची मोहीम करतेय, हौस म्हणून नाही. कृष्णेचा काठ वाळूउपशाने आणि वीटभट्ट्यांनी पोखरला, ते सुसरीने केलं का? मादी काठावर खड्डा करून अंडी घालते. काठच तोडला तर ती जाणार कुठे? तुमच्या काकांना झालं ते भयंकर आहे. पण त्यासाठी प्राण्याला खुनी ठरवू नका.

कृष्णाकाठ

काठ मी पोखरला नाही. काकांनी तर नाहीच. वाळू गेली मुंबई-पुण्याच्या इमारतींत. तुमच्या इमारतीत नसेल असं छातीवर हात ठेवून सांगा.

माहीमची_वाचक

हळू घ्या दोघंही. विषय सिनेमाचा होता.

पवई_सकाळ

नाही सांगता येणार. माझी इमारत १९९८ ची, वाळू कुठली ते मला माहीत नाही. एवढं मानते की ‘घुसखोर’ हा शब्द गुडघाभर पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी नव्हता, आणि मी तो सगळ्यांसाठी वापरला. बाकी माझं म्हणणं कायम आहे.

अंधेरी_पडदा

एक विचारतो. कृष्णाकाठ, तुमच्या काकांना ती आधी दिसली होती का?

कृष्णाकाठ

नाही. त्यांना वाटलं पायात वायर अडकली.

अंधेरी_पडदा

बरं. फसवणूक हा शब्द मी मागे घेतो. पाच मिनिटं कमीच आहेत, ते सोडत नाही. मुलांना घेऊन बसायचा सिनेमा नाही, हेही आधी कुणी सांगायला हवं होतं.

विहारकाठचा

एवढं पुरे आहे. आणि मुलांबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. कृष्णाकाठ, तुम्ही पाहिलात का हा सिनेमा?

कृष्णाकाठ

अर्धा. काका महिनाभर आमच्याकडे आलेत, तेही शेजारी बसले होते. होडी उलटते, आरडाओरडा होतो, मग पाणी परत शांत होतं. तिथे काकांनी पाय खुर्चीवर ओढून घेतले. मी बंद केला.