नाशिकच बरं, पण आधी फोन करा

ताई, तुम्हा दोघी जोडीदारणींना बाळ हवंय, तर उपचार नाशिकला घ्यावेत की मुंबईला, हा तुमचा प्रश्न आम्हा दोघींनाही पडला होता. २०२१ च्या एआरटी (म्हणजे वैद्यकीय मदतीने गर्भधारणेच्या) कायद्यात जोडपं म्हणजे विवाहितच. मात्र २१ ते ५० वयातली एकटी स्त्री उपचार घेऊ शकते. म्हणजे कागदोपत्री तुमच्यातली एकच. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच. इथल्या एका दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली, तेव्हा माझ्या जोडीदारणीचं अवसानच गळालं. म्हणून फोनवरच स्पष्ट विचारा: ‘एकटी स्त्री, डोनर आययूआय, करता का?’ (आययूआय म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं.) तरी मी नाशिकच म्हणेन. सोनोग्राफीला सारखं जावं लागतं, बीज फुटायची वेळ आपल्या हातात नसते. दर खेपेला कसारा घाट उतरायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. बाळ झालं की मृत्युपत्रात जोडीदाराला पालक नेमा, हे मात्र विसरू नका.